चालू घडामोडींवर निषेधाचं गाणं लिहायचं आणि पसरवायचं कसं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली बरीच वर्षं आमचा एक छोटा ग्रुप मराठीत निषेधाची गाणी लिहितोय, गातोय, लोकांपर्यंत पोचवतोय. नवीन मुलंमुली भेटली की प्रश्न साधारण तेच असतात, म्हणून सगळी उत्तरं एकदा नीट लिहून काढली. सगळ्यांना सगळं पटेल असं नाही, पण जे अनुभवातनं आणि वाचण्यातनं कळलं ते मनापासून सांगतोय.

निषेधाचं गाणं म्हणजे नेमकं काय? भाषणाला चाल लावली की झालं का?

नाही ना. भाषण लोक ऐकतात आणि घरी जातात, गाणं लोक घरी घेऊन जातात, हा मोठा फरक आहे आणि लिहिताना तो डोक्यात पाहिजे. तुमचं गाणं दुसऱ्याच्या तोंडात बसलं तरच ते गाणं, नाहीतर तो तुमचा लेख आहे फक्त यमकात लिहिलेला. पुढे जे काही सांगणारे त्यातलं निम्मं ह्या एका गोष्टीतनंच निघतं.

आणि हे आपल्याकडे काही नवीन नाहीये. पोवाडा ही मुळात बातमीच होती. अज्ञानदासानं अफझलखान वधाचा पोवाडा रचला, घटना १६५९ ची, तेव्हा इथे पेपर नव्हते, शाहीर गावोगाव जाऊन गायचा आणि लोकांना कळायचं काय झालं ते. नंतर सत्यशोधक जलसे झाले, आंबेडकरी जलसे झाले, १९४४ ला अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक काढलं. म्हणजे 'आजच्या घटनेवर आजच गाणं' ही सवय मराठीला फार जुनी आहे, आपण फक्त डफाच्या जागी मोबाईल घेतलाय.

मला गाता येत नाही, छंद, वृत्त वगैरे काही कळत नाही. तरी लिहू का?

लिहा. अण्णाभाऊ शाळेत जेमतेम दीड दिवस गेले होते. बोलीचा कान पाहिजे, म्हणजे रिक्षात, रांगेत, नळावर लोक कसे चिडतात, कुठला शब्द वापरतात, कुठे थांबतात हे ऐकायची सवय. गायला दुसरं कुणीतरी मिळतं.

विषय कसा निवडायचा? रोज इतकं काही घडतंय की डोकं सुन्न होतं.

सगळ्यावर लिहायला जाऊ नका. नवीन माणसाची सगळ्यात मोठी चूक हीच असते, एकाच गाण्यात महागाई, बेरोजगारी, भ्रष्टाचार, शेतकरी आत्महत्या, शिक्षण, धर्म, मीडिया सगळं कोंबायचं, आणि मग शेवटी मशाल पेटवायची. असं गाणं कुणालाच टोचत नाही, कारण प्रत्येकाला वाटतं हे दुसऱ्या कुणाबद्दल तरी चाललंय.

समजा पेपरफुटीवर लिहायचंय. पहिला ड्राफ्ट बहुतेकांचा असा येतो: 'भ्रष्ट ही व्यवस्था, अंधार हा दाटला, तरुणांनो जागे व्हा'. ह्यात खोटं काही नाही पण दिसत पण काही नाही. आता त्याच विषयावर हे बघा:

पेपर फुटला रात्री दहाला,
पोरगं झोपलं अलार्म लावून,
पहाटे निघालं एसटी धरून,
बापानं दिलं भाडं उसनं घेऊन.

यात 'व्यवस्था' हा शब्दच नाही. अलार्म आहे, एसटी आहे, उसनं भाडं आहे, आणि ऐकणाऱ्याला राग आपोआप येतो, तुम्हाला 'राग करा' असं सांगावं लागत नाही. म्हणून एक घटना घ्या, त्यातला एक माणूस घ्या, त्याच्या हातात काय होतं ते लिहा. मोठा मुद्दा त्या लहान गोष्टीच्या मागनं येतो.

याचं मराठीतलं सगळ्यात भारी उदाहरण म्हणजे संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीतली अण्णाभाऊंची मैनेची छक्कड, म्हणजे लावणीच्या ढंगाचं गाणं, 'माझी मैना गावाकडं राहिली'. वरवर बघितलं तर मुंबईत आलेला माणूस गावाकडे राहिलेल्या आपल्या माणसाची आठवण काढतोय, आणि तेच गाणं पुढे बेळगाव-कारवार तुटल्याचं दुःख होऊन जातं. सीमाप्रश्नावर किती भाषणं झाली असतील, लोकांच्या तोंडात काय राहिलं? मैना राहिली.

बातमी आली की किती वेळात गाणं यायला पाहिजे?

लवकर, पण बातमी पक्की झाल्यावर.

अमेरिकेत ४ मे १९७० ला केंट स्टेट विद्यापीठात युद्धविरोधी निदर्शनं चालू असताना नॅशनल गार्डनं गोळीबार केला, चार विद्यार्थी गेले. गायक नील यंगनं मासिकातले फोटो बघून गाणं लिहिलं, २१ मे ला रेकॉर्ड झालं आणि जूनमध्ये रेडिओवर वाजत होतं. तेव्हाच्या टेक्नॉलॉजीत सतरा दिवस! आपल्याला आज सतरा तास पण लागत नाहीत, आणि खरं सांगायचं तर घोळ तिथेच होतो.

माझ्याकडनं झालेली चूक सांगतो. एका दुर्घटनेवर आम्ही त्याच रात्री गाणं केलं, सुरुवातीच्या बातम्यांत मृतांचा जो आकडा येत होता तो थेट धृपदात, म्हणजे परत परत येणाऱ्या ओळीत टाकला, दुसऱ्या दिवशी आकडा बदलला, आणि गाणं तोपर्यंत चारशे-पाचशे लोकांनी फॉरवर्ड केलेलं. मग ज्यांना गाणं नकोच होतं त्यांना आयतं कोलीत मिळालं, 'बघा, हे खोटं पसरवतात', आणि मूळ प्रश्न बाजूलाच पडला. ज्या घरातलं माणूस गेलं त्यांच्यापैकी एकानं फोन करून शांतपणे विचारलं की आकडा तरी नीट बघायचा होता ना. तो फोन मी विसरलेलो नाही आणि विसरायचा पण नाहीये.

तेव्हापासून आमचा नियम असा की धृपदात आकडा, तारीख, नाव टाकायचं नाही, ते कडव्यात टाकायचं म्हणजे बदलता येतं. आणि कुठलाही आकडा दोन वेगवेगळ्या ठिकाणी बघितल्याशिवाय गायचा नाही, दोन ठिकाणी म्हणजे एकमेकांची कॉपी मारलेल्या दोन पोर्टलवर नाही. अजून पक्कं नसेल तर आकड्याशिवाय लिहा. 'किती गेले सांगत नाही कुणी' ही ओळ आकड्यापेक्षा जास्त लागते आणि ती त्या दिवशी खरी पण असते.

धृपद कसं लिहायचं? सगळं तिथेच अडतं.

अडणारच, कारण लोक गातात ते फक्त धृपद. कडवी तुम्ही गाता. त्यामुळे अर्धा वेळ धृपदावरच गेला तरी चालेल.

मला विचाराल तर प्रश्न हे सगळ्यात चांगलं धृपद. 'सांगा साहेब, पेपर कुणी फोडला?' हे एकदा ऐकलं की दुसऱ्या वेळेला गर्दी स्वतःहून म्हणते, शिकवावं लागत नाही. वर प्रश्न विचारलाय म्हणजे आरोप केलेला नाही, हाही फायदा आहेच. आणि एकच शब्द बदलला की तेच धृपद दुसऱ्या ठिकाणी चालतं, 'पूल कुणी पाडला', 'रस्ता कुणी खाल्ला', 'दवाखाना कुणी नेला'. दुसऱ्या गावातल्या पोरांनी आपलं गाणं घेतलं, त्यांचा शब्द टाकला आणि गायले, यापेक्षा मोठी पावती कुठली?

छोटं ठेवा, एका श्वासात म्हणता आलं पाहिजे. जोडाक्षरं कमी. चालत चालत म्हणून बघा, मोर्चात लोक चालत असतात, पावलावर शब्द पडला पाहिजे. 'अन्यायग्रस्त', 'सत्ताधीश' असले शब्द पावलावर पडत नाहीत.

'मी' की 'आम्ही' हा पण विचार करा. अमेरिकेतल्या चार्ल्सटनमध्ये १९४५-४६ ला सिगार कारखान्यातल्या कामगारांचा संप झाला, त्यात बहुतेक काळ्या बायका होत्या, त्या चर्चमधलं एक जुनं 'मी जिंकेन' अर्थाचं गाणं गात होत्या आणि गाता गाता 'मी' चं 'आम्ही' झालं. पुढे तेच गाणं नागरी हक्क चळवळीचं झालं, जगभर फिरलं आणि आपल्या शाळांत 'हम होंगे कामयाब' म्हणून आलं. सर्वनाम बदललं आणि गाणं दुसऱ्यांना गाता यायला लागलं.

चाल कुठून आणायची? नवीन लावायची की जुनी घ्यायची?

सुरुवातीला जुनी घ्या. लोकांना चाल आधीच येत असेल तर त्यांचं सगळं लक्ष शब्दांकडे जातं. केंटकीत १९३१ च्या कोळसा खाणीच्या संपात फ्लोरेन्स रीस नावाच्या बाईच्या घरी शेरीफची माणसं तिच्या नवऱ्याला शोधत आली, घर उलटंपालटं केलं, तेव्हा तिनं भिंतीवरच्या कॅलेंडरचं पान फाडून त्याच्यामागे गाणं लिहिलं आणि चाल घेतली एका जुन्या भजनाची. तिला चाल लावत बसायला वेळच नव्हता.

आपल्याकडे तर खजिना आहे. मोठा अभंग घ्या, पहिले तीन चरण सहा-सहा अक्षरांचे, चौथा चार अक्षरांचा, दुसऱ्या-तिसऱ्याला यमक. वारीत जाणाऱ्या कुणालाही हा साचा कानानं माहीत असतो.

टँकर येईना, हंडा वाट पाही,
योजनेची शाई, वाळलेली.

अक्षरं मोजा, बरोबर बसतात. बाजूला मृदंगाची पण गरज नाही, टाळी पुरते. ओवी अजून मोकळी असते, अक्षरांचं बंधन कमी, एका बाईनं सांगितलेल्या गोष्टीला ओवी फार शोभते कारण जात्यावर बायकांनी शतकानुशतकं स्वतःचं दुखणं तिच्यातच सांगितलंय. भारूड कधी वापरायचं? थेट बोलणं अवघड असेल तेव्हा. एकनाथांनी हेच केलं, विंचू म्हणायचं आणि काम-क्रोधाबद्दल बोलायचं, ऐकणारा हसतो आणि मग एकदम गप्प होतो. पोवाडा घ्यायचा तर घटना मोठी आणि क्रमानं सांगण्यासारखी पाहिजे, आधी काय झालं मग काय झालं असं, नुसत्या रागाचा पोवाडा होत नाही. अधेमधे गद्यात बोलायला पण जागा असते पोवाड्यात, अवघड माहिती तिथे सांगून टाका.

देवाच्या आरतीची चाल घ्यायची असेल तर दहा वेळा विचार करा. तुमचा मुद्दा रस्त्याचा असतो आणि भांडण आरतीवर सुरू होतं.

सिनेमाच्या किंवा व्हायरल गाण्याचं विडंबन केलं तर?

पसरायला एकदम वेगवान. २०१७ च्या पावसाळ्यात मुंबईतल्या एका रेडिओ जॉकीनं तेव्हाच्या 'सोनू'च्या व्हायरल चालीवर खड्ड्यांचं गाणं केलं, महापालिकेवर भरवसा नाय का असं विचारणारं, दोन दिवसांत सगळीकडे होतं. त्यावर इतका गदारोळ झाला की गाणं ज्यांनी ऐकलं नव्हतं त्यांनीही ऐकलं.

पण विडंबनाचं आयुष्य मूळ गाण्याएवढंच, मूळ गाणं लोक विसरले की तुमचं पण विसरतात. आणि कॉपीराइटचं लफडं आहेच.

कॉपीराइटचं नक्की काय? गाणं उडवतील का?

शब्द, चाल आणि रेकॉर्डिंग ह्या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि तिन्हींचे हक्क वेगळे असतात, हे आधी समजून घ्या. भारतात लेखक किंवा संगीतकार गेल्यानंतर साठ वर्षं त्याचा हक्क चालतो. तुकोबांचे अभंग, पारंपरिक ओव्या, गोंधळाच्या चाली मोकळ्या आहेत, पण कुणीतरी गेल्या काही वर्षांत केलेलं त्याचं रेकॉर्डिंग मोकळं नाही. म्हणजे चाल घ्या, ट्रॅक घेऊ नका.

कायद्यात टीका-समीक्षेसाठी वापराची सूट आहे, पण विडंबन असा शब्द त्यात स्पष्ट लिहिलेला नाही, त्यामुळे 'विडंबन आहे म्हणजे चालतंच' असं छातीठोकपणे सांगणाऱ्यावर जाऊ नका.

यूट्यूबवर मशीनच ऑडिओ ओळखतं. कराओके ट्रॅकवर गायलात तर बहुतेक वेळा क्लेम येतोच. क्लेम आणि स्ट्राइक यात फरक आहे हां, क्लेम आला की सहसा जाहिरातीचे पैसे त्यांच्याकडे जातात किंवा व्हिडिओ काही ठिकाणी दिसत नाही, स्ट्राइक म्हणजे व्हिडिओ गेला, आणि ९० दिवसांत तीन स्ट्राइक झाले तर चॅनलच जाऊ शकतं. म्हणून डफ, हलगी, टाळ्या, नुसता आवाज हे कायम सेफ. आणि उलट बाजूनं पण बघा, तो 'आम्ही'वाला चार्ल्सटनचा सूर नंतर कॉपीराइटमध्ये अडकला होता, तो सगळ्यांसाठी मोकळा व्हायला कोर्टात जावं लागलं आणि २०१८ उजाडलं. तुमच्या गाण्याचं असं होऊ नये असं वाटत असेल तर खालीच लिहून टाका की कुणीही गावं, शब्द बदलावेत, फक्त पैसे कमवायला वापरू नये. क्रिएटिव्ह कॉमन्सचं लायसन्स, म्हणजे ही मोकळीक देणारा तयार परवाना, टाकलं तर अजून चांगलं.

गाण्यात नाव घेऊन बोलायचं का? केस होईल का?

घेता येतं, पण जे सिद्ध करता येईल तेवढंच. 'पूल सहा महिन्यांत पडला आणि टेंडर ह्यांच्या सहीनं निघालं' हे कागद असेल तर गा. 'ह्यांनी पैसे खाल्ले' ह्याला पुरावा लागतो, नसेल तर तो बदनामीचा दावा होऊ शकतो. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे, त्यात बदनामी कलम ३५६ मध्ये आहे, गटागटांत वैर पसरवणं १९६ मध्ये, धार्मिक भावना दुखावणं २९९ मध्ये. पूर्वी सोशल मीडियावरच्या पोस्टसाठी सर्रास लावायचे ते आयटी कायद्याचं ६६अ सुप्रीम कोर्टानं २४ मार्च २०१५ ला रद्द केलंय, ते लावू असं कुणी धमकावलं तर हे माहीत असू द्या. बाकी मी वकील नाही. नाव घेऊन गाणं टाकणार असाल तर आधी एखाद्या वकिलाला ओळ न् ओळ दाखवा, लाजू नका.

गाण्याला सत्ता घाबरते हे खरं आहे. १९०९ ला गणेश दामोदर सावरकरांना जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली ती कविता छापल्याबद्दल. चिलीत १९७३ च्या सप्टेंबरमध्ये लष्करी उठाव झाला आणि काही दिवसांतच गायक व्हिक्टर हाराला स्टेडियममध्ये कोंडून मारलं. हे घाबरवायला सांगत नाहीये, एवढंच की शब्दाचं वजन माहीत असून शब्द वापरा, आणि ग्रुपमधल्या प्रत्येकाला विचारून वापरा, कारण नोटीस आली तर ती फक्त लिहिणाऱ्याला येत नाही, व्हिडिओत मागे टाळ वाजवणाऱ्या पोरीला पण येते.

ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांच्याबद्दल लिहिताना काय बघायचं?

मला सगळ्यात जास्त काळजी ह्याच प्रश्नाची वाटते.

पहिलं, विचारा. घरच्यांपर्यंत पोचता येत असेल तर गाणं बाहेर टाकायच्या आधी त्यांना ऐकवा. कधीकधी ते म्हणतात नको, मग नको, कितीही चांगलं झालं असलं तरी. कधी ते स्वतःच एखादी गोष्ट सांगतात जी कुठल्याच बातमीत नसते, 'त्याला पोहायला आवडायचं' असं काहीतरी, आणि गाणं एकदम माणसाचं होतं.

दुसरं, लैंगिक अत्याचारातल्या पीडितेचं नाव किंवा ओळख उघड करणं हा गुन्हा आहे, न्याय संहितेचं कलम ७२, आणि मुलांच्या बाबतीत पॉक्सो कायदा. गावाचं नाव, शाळेचं नाव, वडिलांचं काम असं तीन ठिकाणी थोडं थोडं सांगितलं तरी ओळख पटते, त्यामुळे ते पण नाही. सगळे घेतायत म्हणून आपण नाव घ्यायचं, हे कारण होऊच शकत नाही.

तिसरं, जखमांचं वर्णन करत बसू नका. ऐकणाऱ्यात तशाच प्रसंगातनं गेलेलं कुणीतरी असतंच.

एखाद्या नेत्याच्या दिसण्यावर, जातीवर, बायकोवर ओळ सुचली तर? लोक खूप हसतात.

खोडून टाका. लोक हसतील आणि ज्या कारणासाठी गाणं लिहिलं ते विसरतील, आणि त्या जातीचा, त्या दिसण्याचा माणूस तुमच्याच बाजूला टाळी वाजवत उभा असेल त्याचा हात खाली जाईल.

घरी रेकॉर्डिंग कसं करायचं? माईक नाही.

फोन पुरतो. पंखा बंद करा, गाद्या-उशा-पडदे असलेल्या खोलीत बसा, फोन तोंडापासून साधारण वीतभर आणि थोडा बाजूला धरा म्हणजे 'फ' आणि 'प'ला हवा आपटत नाही. फोन एअरप्लेन मोडवर. वाद्य फोनपासून लांब, गाणारा जवळ, कारण शब्द कळले नाहीत तर बाकी सगळं वाया, आणि आमच्याकडे ढोलकी वाजवणारे नेहमी याच्यावर रुसतात पण ऐकावं त्यांनी. एक टेक कोरसशिवाय पण घ्या, शिकायला उपयोगी पडतो.

पहिल्या पाच सेकंदात शब्द सुरू झाले पाहिजेत. लांब म्युझिक, टायटल, आभार, सगळं शेवटी.

कुठे टाकायचं, कसं पसरवायचं?

ग्रुपचे सगळे एकाच वेळी सगळीकडे टाकतात आणि मग संपलं, असं करू नका. ज्यांचा तो प्रश्न आहे त्यांच्या ग्रुपवर आधी टाका, परीक्षार्थींचं गाणं परीक्षार्थींकडे, गावात आरोग्याचं काम करणाऱ्या आशाताईंचं आशाताईंकडे, त्यांनी स्वतःहून पुढे पाठवलं तर ते खरं पसरणं.

व्हॉट्सअ‍ॅपवर एका वेळी पाच चॅटलाच फॉरवर्ड करता येतं, आणि खूप वेळा फिरलेला मेसेज तर एप्रिल २०२० पासून एका वेळी एकाच चॅटला जातो. म्हणून फाइलबरोबर शब्द टेक्स्ट म्हणून वेगळे पाठवा, लोकांना ते कॉपी करून स्वतः नव्यानं टाकता येतात. फोटोतले शब्द कॉपी करायला त्रास होतो. आणि टेक्स्टमध्ये वर घटना कुठली, कधीची ते लिहाच, नाहीतर तीन वर्षांनी कुणीतरी तेच गाणं दुसऱ्याच घटनेला चिकटवतं आणि अफवा तयार होते. व्हिडिओत शब्द खाली मोठ्या अक्षरात दाखवा, बसमध्ये आवाज बंद करून बघणारे पण असतात, ऐकू न येणारे पण असतात.

आणि चाल शिकवणारा एक छोटा व्हिडिओ वेगळा टाका. हे जवळपास कुणीच करत नाही. आमच्या एका गाण्याचे व्ह्यूज काही विशेष नव्हते पण शिकवायचा व्हिडिओ लोकांनी उचलला, आणि एका आंदोलनात आम्हाला न ओळखणारी माणसं ते गाणं गात होती, एक कडवं त्यांनी स्वतः जोडलेलं, आमच्यापेक्षा चांगलं. मी मागे उभा राहून फक्त ऐकलं.

एआयकडनं गाणं करून घेतलं तर काय बिघडलं?

यमक शोधायला, टायपिंगला मदत घ्या, माझं काही म्हणणं नाही. पण पूर्ण गाणं आणि आवाज मशीनचा असेल तर लोकांना विचारावंसं वाटतं की हे कोण बोलतंय, कुणाला राग आलाय, आणि ह्याला उत्तर नसतं. निषेधाला माणूस मागे उभा लागतो. आणि नेत्याचा किंवा कलाकाराचा आवाज हुबेहूब बनवून गाणं करणं हे तर अजिबातच करू नका, कितीही गंमत वाटली तरी ती फसवणूक आहे आणि खऱ्या रेकॉर्डिंगवरचा विश्वास पण त्यानं जातो.

मोर्चात, चौकात गाताना?

पोवाड्यातल्यासारखे झीलकरी ठेवा, म्हणजे मुख्य गाणाऱ्याची ओळ उचलणारे तीन-चार जण, आणि ते स्टेजवर नाही, गर्दीत पसरून उभे करा. गर्दीला शेजारचा गातोय म्हटल्यावर धीर येतो. पट्टी खालची घ्या, घरी जमते त्यापेक्षा दोन सूर खाली, ओरडून ओरडून आवाज बसतो.

लाउडस्पीकरला लेखी परवानगी लागते, आणि रात्री दहा ते सकाळी सहा बंदी असते, गाणं माईकशिवाय बांधलं तर हा प्रश्नच येत नाही.

घरचे घाबरतात, ट्रोल येतात. काय करू?

घरच्यांना आधी ऐकवा, इंटरनेटवरनं कळायला नको. त्यांची भीती खोटी नसते, त्यांच्याशी बसून बोला की काय लिहिलंय आणि काय मुद्दाम लिहिलेलं नाही. प्रोफाइलवरचा पत्ता, कॉलेज, घराचे फोटो काढून टाका. धमकीचा मेसेज डिलीट करू नका, स्क्रीनशॉट घ्या, तारीख दिसेल असा. ट्रोलला उत्तर द्यायचं नाही, पण कुणी खरंच चूक दाखवली तर तिथल्या तिथे मान्य करून दुरुस्ती टाका. आणि महिनाभर काहीच टाकावंसं वाटलं नाही तर टाकू नका, ग्रुप त्यासाठीच असतो, दुसरं कुणीतरी गातं.

माझं गाणं दुसऱ्यानं नाव न देता गायलं. भांडू का?

पैसे कमावत असेल किंवा अर्थ उलटा करून वापरत असेल तर जरूर बोला. नाहीतर राहू द्या. वामनदादा कर्डकांची गाणी वस्त्यावस्त्यांत लोक गातात, कित्येक गाणाऱ्यांना कुणी लिहिलं ते ठाऊक नसतं, आणि तरी त्या गाण्यांनी काम केलंच आहे. मनात खट्टू वाटतं हे मान्य.

गाण्यानं खरंच काही बदलतं का?

एकट्या गाण्यानं नाही बदलत. एस्टोनियात १९८८ च्या उन्हाळ्यात लोक रात्र रात्र टालिनच्या मैदानावर जमून, बंदी असलेली आपली गाणी गात होते, १९९१ ला देश स्वतंत्र झाला आणि त्या सगळ्या चळवळीला नावच 'गाणारी क्रांती' पडलं. पण तिथे संघटना होत्या, ठराव होते, आणि वरचं सोव्हिएत साम्राज्य स्वतःच खिळखिळं झालेलं होतं. गाण्यानं काय केलं तर घाबरलेल्या माणसाला कळवलं की मी एकटा नाहीये. एवढं काम दुसरं कुठलंही माध्यम इतक्या स्वस्तात करत नाही.

म्हणून गाण्यापाठोपाठ काय करायचं ते पण सांगा. सहीचा अर्ज, सभेची तारीख, माहिती अधिकाराचा नमुना, मदतीचा नंबर, काहीतरी. गाणं ऐकून पेटलेल्या माणसाच्या हातात काहीच दिलं नाही तर दहा मिनिटांत तो पुढच्या रीलवर जातो.

घटना जुनी झाली की गाण्याचं काय करायचं?

बहुतेक गाणी मरतात आणि ते ठीक आहे, त्यांचं काम झालेलं असतं. पण शब्द, चालीचं रेकॉर्डिंग आणि कुठल्या घटनेवर, कुठल्या तारखेला लिहिलं, एवढं जपून ठेवा, आमच्याकडे एक साधी वही आहे आणि एक फोल्डर. उद्या कुणी विचारलं की त्या वर्षी लोक काय म्हणत होते, तर पेपरात नेत्यांचं म्हणणं सापडतं, लोकांचं ह्या वह्यांत सापडतं.

आणि काही गाणी जुनी होतच नाहीत कारण प्रश्न सुटत नाही. १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला, मुंबई आली, बेळगाव-कारवार बाहेरच राहिलं. मैना अजून गातात लोक.